चाकाचा लगाम

कल्याणहून मुरबाडकडे जाणारा हमरस्ता शहाडपाशीं उल्हासनगरच्या कॅम्प १ च्या शेजारून जातो. पुढें तोच रस्ता माळशेज घाट चढून जुन्नरच्या पठाराला व तेथून अहिल्यानगरला पोंचतो. प्राचीन काळीं कल्याण बंदराचा माल नाणेघाटानें जुन्नरला जाई, तोही याच टापूंतून. परंतु घाटांतील तो प्रवास बैलांच्या व गाढवांच्या पाठीवरून होई. चाक पायथ्याशींच थांबे. त्याचें कारण केवळ चढ नव्हे. चाकाला चढ चढविणें कष्टाचें असतें, पण त्याला उतार उतरविणें जिवावरचें असतें. चाक फिरविणाऱ्यांचीं नांवें इतिहासांत पुष्कळ सांपडतात. चाक थांबविणाऱ्यांची वास्तपुस्त मात्र फारशी कोणी करीत नाहीं.

उल्हासनगर हें मुळांत गांव नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्करानें सैनिकांच्या मुक्कामासाठीं जी छावणी उभारली, तिच्या बराकींत १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं निर्वासित कुटुंबें उतरलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ति राजगोपालाचारी यांच्या हस्तें या वस्तीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हें नांव मिळालें. छावणी गेली तरी कॅम्प हा शब्द गेला नाहीं. शहराचे पांच भाग अद्याप कॅम्प १ ते कॅम्प ५ याच नांवांनीं ओळखले जातात. घरदार सोडून आलेल्या या लोकांनीं मिळेल त्या साहित्यापासून विकाऊ वस्तु घडविण्याची कला अशी कांहीं कमावली कीं, येथील मालावरील 'मेड इन यू. एस. ए.' या अक्षरांचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा करावा, अशी थट्टा मुंबईच्या बाजारांत रूढ झाली. थट्टेंतील टोंचणी सोडून दिली तरी एका कारखान्याचा भाग दुसऱ्या कारखान्याच्या वस्तूला बसविण्याचें कसब या गांवाच्या अंगीं आहे, एवढी गोष्ट तिच्यांतून निघतेच.

सायकलच्या बाबतींत मात्र हें कसब एका ठिकाणीं अडतें. जुनी डोंगरी सायकल विकत घ्यावी, तिला भंगारांतून दुसरें चाक आणावें, आणि पाहावें तों ब्रेकचें रबर रिमवर न बसतां टायरवर तरी बसतें किंवा रिमच्या खालीं आऱ्यांकडे तरी घसरतें. चाक २६ चें, सायकलही २६ चीच. मग असें कां व्हावें? हा प्रश्न कॅम्प १ मधील मुलाला पडतो तसाच अंबरनाथच्या व बदलापूरच्या मुलालाही पडतो. प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण ज्याला ती सायकल माळशेजच्या उतारावर न्यावयाची आहे त्याला तो क्षुल्लक वाटून चालावयाचें नाहीं. रबर टायरला घासत राहिलें तर टायरची बाजू कापली जाऊन तो फुटतो. रबर रिमखालीं घसरून आऱ्यांत शिरलें तर पुढचें चाक एकदम अडकतें आणि स्वार हँडलवरून पुढें फेंकला जातो. याचें उत्तर दोनशें वर्षांच्या इतिहासांत आहे, आणि तें मुळापासून पाहिल्याखेरीज नीट उमगत नाहीं.

बैलगाडीला निराळा ब्रेक फारसा लागत नाहीं. बैल हाच तिचा ब्रेक. उतारावर जूं पुढें सरतें, बैल पाय रोंवून मागें रेटतात, आणि गाडी थांबली कीं गाडीवान चाकाखालीं दगडाची उटी सरकवितो. सायकलला बैल नाहींत. म्हणूनच १८१७ सालीं मानहाइम येथें कार्ल फॉन ड्राइस यानें पायांनीं जमीन रेटीत चालवावयाची दुचाकी तयार केली, तेव्हांच तिच्या मागील चाकावर दोरीनें ओढावयाचा ब्रेक बसविला होता. पायडल जन्माला यावयास अद्याप अवकाश होता. ब्रेक त्याच्या आधींच आला! पुढें १८६० नंतरच्या दशकांत पॅरिसमध्यें पुढील चाकाला पायडलें लागलीं, आणि १८७० नंतर इंग्लंडांत उंच चाकाच्या सायकलींचा काळ सुरू झाला. पुढील चाक कधीं कधीं पांच फूट व्यासाचें, मागील अगदीं लहान, आणि स्वार जवळजवळ पुढील चाकाच्या माथ्यावर बसलेला. हिचा ब्रेक म्हणजे चमच्याच्या आकाराची एक लोखंडी पट्टी. मूठ दाबली कीं ही पट्टी भरीव रबरी टायरवर वरून टेंके. ती जोरानें टेंकली तर चाक थांबे खरें, पण स्वार थांबत नसे. तो तोंडघशीं पडे. १८७६ सालीं ब्राउएट व हॅरिसन या दोघां इंग्रजांनीं चाकाला दोन्ही बाजूंनीं चिमट्यांत धरणाऱ्या ब्रेकचें पेटंट घेतलें. कल्पना उत्तम होती, परंतु तिची गरज अद्याप कोणाला भासलेली नव्हती. भरीव रबराला चमचा पुरत होता.

चमच्याचें आसन ढळलें तें हवेच्या टायरमुळें. १८८५ सालीं कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली यानें दोन सारख्या चाकांची व साखळीची 'रोव्हर' सायकल काढली, आणि १८८८ सालीं बेलफास्टचा पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानें हवेच्या टायरचें पेटंट घेतलें. आपल्या मुलाच्या तीनचाकीला बसणारे हादरे कमी करावे एवढाच त्याचा मूळ हेतु. तत्पूर्वीं चाळीस वर्षें रॉबर्ट टॉमसन या गृहस्थानें हीच गोष्ट घोडागाडीसाठीं करून पाहिली होती. पण शोध वेळेवर लागावा लागतो, नुसता लागून भागत नाहीं. हवेचा टायर नाजूक व महाग. त्याच्यावर लोखंडी चमचा घासणें म्हणजे नव्या धोतरावर विस्तव ठेवण्यापैकींच होय. तेव्हां घर्षणाची जागा बदलणें भाग पडलें. जी रिम तोंवर टायर बसविण्याची केवळ खोबण होती, तिच्यावर ब्रेकची पकड सोसण्याचें दुसरें काम येऊन पडलें. चाक आणि ब्रेक यांची जोडी जुळविण्याचा प्रश्न येथें जन्माला आला. रिमचा आकार आतां टायरकडे पाहून ठरवावयाचा कीं ब्रेककडे पाहून?

या प्रश्नाला इंग्लंडनें दोन उत्तरें दिलीं, आणि त्यांतील पहिलें उत्तर महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत आजही फिरतांना दिसतें. तें म्हणजे दांडीचा ब्रेक. काळी, उंच, २८ इंची सायकल कोणीं पाहिली नाहीं? तिच्या मुठी हँडलच्या खालून दांड्यांना जोडलेल्या असतात. मूठ दाबली कीं दांडी वर उचलली जाते, आणि तिच्या टोंकाला असलेली घोड्याच्या नालासारखी कमान दोन रबरी ठोकळे रिमच्या आंतल्या अंगावर, म्हणजे आऱ्यांच्या बाजूनें बाहेरच्या दिशेला, दाबते. बाजूनें पकड नाहींच. यासाठीं रिमही तशीच लागते. वेस्टवुड जातीच्या रिमच्या कडा गोल वळविलेल्या असतात आणि आऱ्यांच्या रांगेच्या दोन्ही अंगांना ठोकळ्यांसाठीं दोन पट्टे सोडलेले असतात. या रचनेंत मोठें शहाणपण आहे. चाक खड्ड्यांत आपटून डाव्या-उजव्या बाजूला डुलूं लागलें, मिस्त्रीच्या भाषेंत चाकाला आऊट आला, तरी ब्रेकचें फारसें बिघडत नाहीं. कारण ठोकळे बाजूला टेंकतच नाहींत. खडबडीत रस्ता, मागें धान्याचें पोतें, महिनोन् महिने मिस्त्रीचें तोंड न पाहिलेलें चाक, अशा स्थितींत हा ब्रेक दिवस काढतो. मुंबईच्या डबेवाल्यांनीं व गांवोगांवच्या दूधवाल्यांनीं ही सायकल पिढ्यान् पिढ्या उराशीं धरली ती कांहीं उगाच नव्हे. त्याची पकड मात्र बेताचीच असते, आणि पावसांत तर तिचा भरंवसा धरूं नये. क्रोमचा चकचकीत मुलामा दिलेली पोलादी रिम ओली झाली कीं रबर तिच्यावरून लोण्यावरून सुरी जावी तसें सरकतें. कोंकणांत व घाटमाथ्यावर चार महिने पाऊस. तेथें हा दोष लहान म्हणतां येत नाहीं.

दुसरें उत्तर म्हणजे बाजूनें धरणारा चिमटा, अर्थात् १८७६ सालची ती विसरलेली कल्पना. तिला बळ मिळालें तें तारेमुळें. १८९६ सालीं अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन यानें नळींतून खेळणाऱ्या तारेचें पेटंट घेतलें. दांडी सरळ रेषेंतच ओढूं शकते. तार वळणावळणानें जाऊनही ओढते. बाजूनें धरणाऱ्या ब्रेकला रिमच्या भिंती सपाट व परस्परांना समांतर लागतात. एन्ड्रिक जातीची रिम ती हीच. येथें चाक सरळ फिरलेंच पाहिजे, नाहीं तर प्रत्येक फेऱ्याला रबर एका बाजूला घासतें. दांडीचा ब्रेक आळशी माणसाचा मित्र आणि चिमटा टापटिपीच्या माणसाचा, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. सांगण्याचा मुद्दा इतकाच कीं, वेस्टवुड रिमला चिमटा लावला तर गोल कडेवर रबर नीट बसत नाहीं, आणि एन्ड्रिक रिमला दांडीचा ब्रेक लावला तर ठोकळ्यांना टेंकावयास जागा नाहीं. व्यास तंतोतंत जुळूनही जोडी फिसकटते ती अशी.

भारतांत सायकली प्रथम आल्या त्या कॉव्हेंट्री, बर्मिंगहॅम व नॉटिंगहॅम येथील कारखान्यांतून. येथें सायकल किती लवकर रुजली याची साक्ष मुंबईच्या तीन पारशी तरुणांनीं दिलेली आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं निघालेल्या सहा जणांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारें ७१,००० किलोमीटरांची पृथ्वीप्रदक्षिणा सायकलवरून पुरी करून १८ मार्च १९२८ रोजीं मुंबईला परतले. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर १९४९ सालीं मद्रासेस टी. आय. सायकल्स, १९५१ सालीं सोनीपतला ॲटलास, १९५६ सालीं लुधियान्यास हिरो असे कारखाने निघाले, आणि १९८६ सालीं हिरो ही जगांतील सर्वांत मोठी सायकल कंपनी ठरली. पुणें तर सायकलींचें शहर म्हणूनच एके काळीं ओळखलें जाई. या सर्व काळांत देशाचें माप जवळजवळ एकच होतें: २८ × १½. सर्वत्र एकच रिम, एकच दांडी, एकच रबर. मिस्त्रीला माप विचारावें लागत नसे, आणि म्हणूनच मापाचा विचार करण्याची संवयही लागली नाहीं. पुढच्या गोंधळाचें बी येथेंच पेरलें गेलें.

आतां थोडें गणित. सायकलच्या चाकाचा जो आंकडा बोलला जातो तो रिमचा व्यास नव्हे. हवा भरलेल्या टायरचा बाहेरून बाहेरपर्यंतचा व्यास होय, आणि तोही अदमासानें. २८ × १½ याचा अर्थ बाहेरचा व्यास २८ इंच व टायरची जाडी दीड इंच. दोन्ही बाजूंची मिळून तीन इंच जाडी वजा केली कीं रिमवर टायर जेथें बसतो तेथील व्यास २५ इंच, म्हणजे ६३५ मिलिमीटर येतो. हें उदाहरण सुटसुटीत आहे. आतां २६ × १⅜ घ्या. २६ मधून पावणेतीन इंच गेले, उरले २३¼. म्हणजे सुमारें ५९० मिलिमीटर. आणि डोंगरी सायकलचें २६ × २.१२५ घ्या. २६ मधून सव्वाचार गेले, उरले पावणेबावीस इंच, म्हणजे सुमारें ५५२. प्रत्यक्ष ठरलेलें माप ५५९ मिलिमीटर. दोघांच्याही नांवांत २६, दोघेंही आपापल्या परीनें खरीं, पण एका रिमपेक्षां दुसरी ३१ मिलिमीटरांनीं मोठी. ब्रेकला काम पडतें तें व्यासाशीं नव्हे तर आंसापासूनच्या अंतराशीं, म्हणजे त्रिज्येशीं. म्हणजे रबर साडेपंधरा मिलिमीटर वर किंवा खालीं न्यावें लागणार. ब्रेकच्या खांचेंत रबर सरकविण्यास जागा असते ती एका सेंटिमीटरच्या आसपास. मग तें पोंचणार कसें?

फ्रेंचांनीं इंचांऐवजीं मिलिमीटर घेतले, परंतु नांव ठेवण्याची रीत तीच ठेवली आणि वर ए, बी, सी अशीं अक्षरें जोडून घोळ आणखी वाढविला. त्यांच्या ७०० सी चाकाची रिम ६२२ मिलिमीटरांची व ६५० बी ची ५८४ मिलिमीटरांची. अलीकडे ज्यांना २९ इंची आणि साडेसत्तावीस इंची डोंगरी चाकें म्हणतात तीं वस्तुतः याच दोन जुन्या फ्रेंच रिमा होत. वर जाड टायर चढविल्यानें त्यांचें नांव मोठें झालें, इतकेंच. गोऱ्या साहेबाच्या देशांतही एका वस्तूचीं तीन नांवें आणि तीन वस्तूंचें एक नांव असा कारभार चालतो, हें पाहून पायली-शेरांच्या घोळाबद्दल हंसल्या गेलेल्या आपल्या जुन्या वाण्यांना थोडें समाधान वाटलें असतें.

हें ५५९ चें माप मुळांत डोंगरासाठीं जन्मलेंच नव्हतें. १९३३ सालीं शिकागोच्या श्विन कंपनीनें अमेरिकन मुलांसाठीं मोटारीसारख्या जाड टायरच्या सायकली काढल्या, त्यांचें हें माप. वर्तमानपत्रें टाकणारीं पोरें त्यांवर फिरत. चाळीस वर्षांनंतर त्या सायकली भंगारांत निघाल्या, आणि कॅलिफोर्नियांतील मॅरिन परगण्याच्या कांहीं हुन्नरी तरुणांनीं त्या उचलून टॅमलपाइस पर्वताच्या आसपासच्या मातीच्या उतारांवर पिटाळण्यास सुरवात केली. जाड टायर धक्के सोसत. फ्रेम दणकट असे. दुखणें होतें तें ब्रेकचें. या सायकलींचा ब्रेक मागील चाकाच्या तुंब्यांत, पायडल उलट फिरवून लागणारा. फेअरफॅक्स गांवाजवळच्या एका उतारावर सुमारें साडेतीन किलोमीटरांत तेराशें फूट खालीं यावें लागे. इतक्यांत तो इवलासा तुंबा असा तापे कीं, आंतील ग्रीस जळून धूर होऊन जाई. प्रत्येक फेरीनंतर तुंबा उघडून त्यांत नवें ग्रीस भरावें लागे. ग्रीस पुन्हां भरणें यासाठीं इंग्रजींत 'रिपॅक' हा शब्द. त्यावरून त्या उताराचेंच नांव रिपॅक पडलें. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं तेथें चार्ली केली व त्याच्या मित्रांनीं पहिली शर्यत लावली. पुढें गॅरी फिशर यानें तो उतार ४ मिनिटें २२ सेकंदांत उतरून विक्रम केला. डोंगरी सायकलच्या जन्मस्थानाला एका निकामी होणाऱ्या ब्रेकवरून नांव मिळावें, यांत काव्यगत न्याय आहे.

उष्णतेचा हा प्रश्न समजण्यास शाळेंतील पदार्थविज्ञान पुरतें. सायकल व स्वार मिळून ८० किलोग्रॅम वजन ३०० मीटर खालीं आणावयाचें, तर सुमारें २,३५,००० ज्यूल शक्ति कोठें तरी जिरवावी लागते. वाऱ्याचा विरोध सोडला आणि सारा भार ब्रेकवरच पडला असें धरलें, तर एवढ्या उष्णतेनें पाऊण लिटर साध्या पाण्याला उकळी येईल. ती उष्णता मुठीएवढ्या तुंब्यांत कोंडावयाची, कीं पुरुषभर लांबीच्या वर्तुळाकार रिमवर पसरून वाऱ्यावर सोडावयाची? मॅरिनच्या पोरांना उत्तर अनुभवानें कळलें. १९७७ सालीं जो ब्रीझ यानें डोंगरासाठींच मुद्दाम फ्रेम बनविली, तिच्यावर रिमचे ब्रेक होते. १९७९ सालीं फिशर व केली यांनीं टॉम रिचीच्या फ्रेमी घेऊन 'माउंटनबाइक्स' नांवाचें दुकान मांडलें. त्याच सुमारास जपानी कारखान्यांकडून ५५९ मापाच्या हलक्या ॲल्युमिनियमच्या रिमा मिळूं लागल्या. ॲल्युमिनियमवर रबर पावसांतही पोलादापेक्षां किती तरी चांगलें धरतें. १९८१ सालीं 'स्टंपजंपर' ही सायकल मोठ्या संख्येनें बाजारांत आली आणि ५५९ हें डोंगराचें माप म्हणून जगभर कायम झालें.

परंतु या रिमला साधा चिमटा चालेना. दोन इंचांहून जाड टायरला वळसा घालावयाचा तर चिमट्याचे हात लांब करावे लागतात, आणि लांब हात दाबाखालीं वांकतात. म्हणून फ्रेंच माफाक कंपनीच्या धर्तीवरील कॅंटिलिव्हर ब्रेक घेण्यांत आले. यांत ब्रेकचे दोन हात वेगवेगळे असून पुढील चिमट्याच्या दोन पायांवर दोन खुंट्या झाळलेल्या असतात, त्यांवर ते फिरतात. ताकद उत्तम. पण येथें एक नवें बंधन आलें. साधा चिमटा एका बोल्टावर लटकतो. त्याच्या जागीं लांब हाताचा दुसरा लटकवितां येतो. खुंटी मात्र एकदां झाळली ती झाळली. ती ५५९ साठीं झाळलेली असेल तर त्या फ्रेमीला ५५९ चेंच चाक हवें. ५८४ चें आणलें तर रबर साडेबारा मिलिमीटर खालीं पडतें, ६२२ चें आणलें तर साडेएकतीस! चाक आणि ब्रेक या जोडींत आतां फ्रेम ही तिसरी येऊन बसली.

१९९६ सालीं जपानच्या शिमानो कंपनीनें व्ही-ब्रेक आणला. खुंट्या त्याच, पण हात लांब व उभे, आणि तार एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे आडवी जाणारी. पकड इतकी जोरदार कीं, नवख्यानें पुढचा ब्रेक सवयीच्या जोरानें दाबला तर त्याला उंच चाकाच्या काळचे दिवस आठवावेत. हात लांब असल्यानें याला तार जवळजवळ दुप्पट ओढावी लागते. म्हणून त्याची मूठही निराळी. जुन्या कॅंटिलिव्हरची मूठ व्ही-ब्रेकला लावली तर मूठ हँडलला टेंकते तरी रबर रिमला धड लागत नाहीं. उलट व्ही-ब्रेकची मूठ जुन्या ब्रेकला लावली तर हाताला घट्ट लागते, सायकलवाल्याला ब्रेक झकास झाला असें वाटतें, आणि प्रत्यक्षांत जोर निम्म्यावर आलेला असतो. दुसरी चूक पहिलीपेक्षां वाईट म्हटली पाहिजे. पहिली दुकानांतच उघडी पडते, दुसरी उतारावर.

भारतांत १९९० च्या दशकांत हर्क्युलिस एम. टी. बी., हिरो रेंजर अशा नांवांच्या सायकली मुलांच्या मनांत भरल्या. जाड गुटगुटीत टायर, सरळ हँडल, रंगीबेरंगी फ्रेम. यांतील बहुतेकांनीं डोंगर पाहिला नाहीं. त्या शाळेच्या फाटकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. त्यांतील स्वस्त नमुन्यांना पोलादी रिमा होत्या, म्हणजे आकार कॅलिफोर्नियाचा व पावसांतील पकड काळ्या सायकलची. शिवाय घरांत थोरल्या बहिणीची २६ × १⅜ ची सायकल आणि धाकट्याची २६ × २.१२५ ची, असा संसार सुरू झाला. ज्या देशानें तीन पिढ्या एकच माप पाहिलें त्यानें '२६ चें चाक द्या' एवढेंच म्हणावें, आणि दुकानदारानें तें काढून द्यावें, यांत दोष कोणाला द्यावयाचा? टायरच्या बाजूवर बारीक ठशांत ५४-५५९ किंवा ३७-५९० असे आंकडे असतात. पहिला टायरची रुंदी, दुसरा रिमचा खरा व्यास, दोन्ही मिलिमीटरांत. इंचांचें नांव फसवितें. हे आंकडे फसवीत नाहींत. ते न वाचतां चाक घेणें म्हणजे गोत्र न पाहतां सोयरीक करण्यासारखें, असें जुन्या मताचा मनुष्य म्हणेल. नव्या मताच्या माणसानें निदान टायर तरी पाहावा.

माप जुळलें म्हणजे सर्व साधलें असेंही नाहीं. रिमच्या ब्रेकमध्यें रिम स्वतःच झिजते. ओल्या मातीचे कण रबरांत रुततात आणि दर दाबासरशीं ॲल्युमिनियमच्या भिंतीला कानस मारल्याप्रमाणें खरवडतात. मुरबाडच्या बाजूची पावसाळी लाल माती या कामांत फार तरबेज. भिंत पातळ होत जाते, आंतून टायरची हवा रेटीत असते, आणि एके दिवशीं भिंत फांटते. बऱ्याच रिमांवर यासाठीं एक बारीक खांच किंवा टिंब खोदलेलें असतें. तें झिजून नाहींसें झालें कीं रिमचें आयुष्य संपलें. जुनें चाक घेतांना भिंतीला सरळ पट्टी लावून पाहावी. पट्टीमागें खोलगट फट दिसली तर तें चाक फुकट मिळालें तरी महागच.

मुंबई-पुणें सायकल शर्यतीमुळें बोरघाट सायकलवाल्यांच्या तोंडीं आहे, पण ती शर्यत घाट चढते. घाटाचा राजा हा किताब चढणाराला मिळतो. उतरणाराला किताब नाहीं. माळशेजहून उल्हासनगरकडे परतणाराला मात्र चढाचे श्रम संपल्यावर, पाय थकलेले व हात बधिर झालेले असतां, धुक्यांतून व धबधब्यांच्या तुषारांतून खालीं यावयाचें असतें. तेथें सतत ब्रेक दाबून धरण्यापेक्षां वळणापूर्वीं जोरानें दाबून मग सोडावा, म्हणजे रिमला निवण्यास वेळ मिळतो. ओली रिम पहिल्या एक-दोन फेऱ्यांत नुसती पुसली जाते, पकड त्यानंतर येते. म्हणून पावसांत ब्रेक नेहमींपेक्षां आधींच लावावा लागतो.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत डिस्कचा ब्रेक आला आणि त्यानें रिमला त्या जुन्या दुहेरी कामांतून सोडविलें. तबकडी तुंब्याला, पकड तबकडीला; रिम पुन्हां १८८८ पूर्वींसारखी केवळ टायरची खोबण झाली. त्यामुळें एकाच फ्रेमींत ५८४ चें किंवा, जागा पुरल्यास, ६२२ चें चाकही चालूं शकतें. पण जुन्या सायकलींच्या धन्याला यांतून नवीच अडचण उभी राहिली आहे. डिस्कसाठीं केलेल्या रिमच्या भिंती सपाट घांसलेल्या नसतात. त्यांना रंग दिलेला असतो, कधीं त्या गोलसर असतात, कधीं मुळांतच पातळ. अशी रिम मापानें अचूक ५५९ ची असली, तरी व्ही-ब्रेकच्या सायकलींत बसवूं नये. प्रथम रंग रबरावर चढून पकड जाते, नंतर भिंत जाते. उलटपक्षीं नव्या डोंगरी फ्रेमींना खुंट्याच नसतात, म्हणून कपाटांत जपून ठेवलेला जुना चांगला व्ही-ब्रेक त्यांना कांहीं केल्या लागत नाहीं. चाक विकत घेण्यापूर्वीं तें आपल्याच सायकलच्या चिमट्यांत घालून, हातानें गरगर फिरवून, ब्रेकचें रबर संपूर्णपणें सपाट भिंतीवर बसतें कीं नाहीं आणि वरच्या टायरपासून निदान एक-दोन मिलिमीटर खालीं राहतें कीं नाहीं, एवढें दुकानांतच पाहून घ्यावें. मिस्त्रीला त्यासाठीं पांच मिनिटें लागतात.